खिशातलं संविधान, मराठी आवृत्ती: टाईप बारीक आहे तरी हेच घ्या

मागच्या महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतलं. आधी तक्रार. टाईप फारच बारीक, मागे सूची नाही, आणि महिन्याभरातच शिलाई उसवून भाग तीनची पानं सुटायला लागलीत, म्हणजे मूलभूत हक्कांचीच, कारण आमच्या घरी तीच सारखी उघडली जातात.

पण यात तळटीपा, म्हणजे कुठलं कलम कुठल्या दुरुस्तीने बदललं ते सांगणाऱ्या, गाळलेल्या नाहीत. दुकानात दुसरी एक आवृत्ती होती, कागद मस्त, टीपा एकही नाही. ती नका घेऊ.

आमचे अण्णा आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता आत ठेवू देणाऱ्या तेव्हाच्या कायद्याखाली, वर्षभर आत होते, कशासाठी ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानेही ४ विरुद्ध १ ने सांगून टाकलं की आणीबाणी चालू असताना अशा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तर पुस्तक हातात पडल्यावर अण्णांनी भिंग घेऊन आधी कलम ३५९ काढलं. आणीबाणीतही कलम २० आणि २१ (२१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) स्थगित करता येणार नाहीत, असं आता तिथे आहे, आणि खाली टीप, की हे ४४व्या घटनादुरुस्तीने आलं. त्या टीपेवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले होते.

आणि कलम २२ तर प्रत्येकाने वाचाच. अटक केली तर कारण सांगायचं, वकील करू द्यायचा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. पण पुढच्याच ओळींत प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे पुढे काही करेल या संशयावरून आधीच आत टाकणं, येते, तिथे ना वकिलाचा हक्क ना २४ तासांची अट, सल्लागार मंडळाकडे (अटकेला पुरेसं कारण आहे का ते तपासणारं मंडळ) न जाता ३ महिने आत ठेवता येतं. टीप वाचली की कळतं, त्याच ४४व्या दुरुस्तीने ही मुदत २ महिन्यांवर आणली होती, मंडळावर हायकोर्टाचा वचकही वाढवला होता, फक्त तेवढा भाग लागू करायची तारीख सरकारने जाहीर करायची होती. संसदेने हे पास केलं १९७८ ला. ती तारीख अजून निघालेली नाही, मध्ये सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. मला हे पन्नाशीत कळलं याचं फार वाईट वाटलं.

पुतणी लॉला आहे, तिच्यासाठी दुसरी प्रत घेतोय. प्रकाशकांना विनंती, किंमत थोडी वाढवा हवं तर, पण टीपांचा टाईप मोठा करा.