ओकित्सूचं सेइकेन-जी : र्‍युक्यूच्या राजपुत्रासाठी जा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये हामामात्सूला राहतो. तिथून लोकलने शिझुओकाच्या पुढे ओकित्सूला उतरायचं आणि थोडं चालायचं, की हे झेन मंदिर येतं. बहुतेक लोक इथे येतात ते तोकुगावा इएयासूसाठी, म्हणजे पुढे शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) झालेल्या सरदारासाठी. लहानपणी ओलीस असताना तो इथे शिकला, आवारातलं आडवं पसरलेलं प्लमचं झाड त्यानेच लावलं असं सांगतात. मागची बागही सुरेख आहे. ते सगळं बघाच, पण माझी विनंती आहे, आधी र्‍युक्यूच्या राजपुत्राची समाधी गाठा. र्‍युक्यू म्हणजे आजच्या ओकिनावा बेटांवरचं तेव्हाचं वेगळं राज्य.

गुशिचान राजपुत्र हा राजा शो नेइचा धाकटा भाऊ आणि राज्याचा कारभारी. १६०९ मध्ये दक्षिण जपानमधल्या सात्सुमा संस्थानाच्या शिमाझू सरदारांनी र्‍युक्यू जिंकलं. राजाला सात्सुमाच्या राजधानीत, कागोशिमाला नेलं आणि पुढच्या वर्षी सुम्पूला इएयासूपुढे हजर केलं. सुम्पू म्हणजेच आजचं शिझुओका. भाऊ सोबत होता. राजा १६११ मध्ये मायदेशी पोचला. भाऊ मात्र तिशीतच सुम्पूला वारला आणि त्याचं दफन इथे झालं.

राज्य राहिलं, पण सात्सुमाच्या अंमलाखाली. पुढे १६३४ ते १८५० या काळात र्‍युक्यूची वकिलात १८ वेळा शोगुनच्या भेटीला गेली. नवा शोगुन आला की अभिनंदनाला, आपला नवा राजा गादीवर बसला की आभार मानायला. प्रमुख वकील म्हणून राजपुत्र. ओकिनावातल्या नाहाहून जहाजाने कागोशिमा, मग ओसाका, क्योतोजवळचं फुशिमी आणि तिथून तोकाइदो या जुन्या हमरस्त्याने एदो, म्हणजे आजचं तोक्यो. जाऊन येऊन वर्षभराचं काम. पोशाख परदेशी दिसलाच पाहिजे, हा सात्सुमाचा हुकूम. वाद्यं वाजवत जाणारी ती मिरवणूक बघून रस्त्यावरच्या माणसालाही कळावं, की एक परकं राज्य आपल्यापुढे झुकलंय. अशा मिरवणुकीतून येणारे राजपुत्र ओकित्सूला थांबून आपल्याच राजघराण्यातल्या या माणसाच्या समाधीला जात. त्या अख्ख्या वर्षात दुसऱ्या कुणाच्या हुकमाविना केलेलं हे एकच काम असेल, असं मला तिथे उभं राहून फार वाटलं. १७९० च्या वकिलातीचा प्रमुख गिनोवान राजपुत्र. त्याच्या हस्ताक्षरातला फलकही देवळाने जपलाय.

कोरियाच्या वकिलांच्या कविता आणि फलकही इथे आहेत. दगडाचे पाचशे अर्हत (बुद्धाचे शिष्य) मुलांना आवडतील, प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

तोकाइदो रेल्वे थेट मंदिराचं दार आणि मुख्य इमारत यांच्या मधून जाते, म्हणजे पूल ओलांडावा लागतो. शिवाय दगडी पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना आणत असाल तर घाई नको. समोर पूर्वी सुरुगाचा उपसागर मोकळा दिसायचा. आता मध्ये बंदर आणि उंचावरचा रस्ता आहे. आत बूट काढावे लागतात, त्यामुळे थंडीत जाड मोजे घाला.