इथिलीन बनवणारं जिवाणूचं एन्झाइम : प्रोटीन डेटा बँकेतल्या तीन नोंदी, आणि त्यातली कोणती कशासाठी उघडावी

केळी, आंबे पिकवणारा इथिलीन वायू वनस्पती एसीसी नावाच्या रेणूपासून बनवतात. स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूच्या फॅझिओलिकोला प्रकाराचा रस्ता वेगळा आहे. त्याचं इथिलीन-फॉर्मिंग एन्झाइम, म्हणजे ईएफई, थेट २-ऑक्सोग्लुटरेट फोडतं. पाच कार्बनच्या या रेणूतले मधले दोन कार्बन इथिलीन होऊन बाहेर पडतात, उरलेले तीन कार्बन डायऑक्साइड होतात. या एन्झाइमच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत (प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा खुला संग्रह) फुकट आहेत, लॉगिनही लागत नाही. बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेकच्या एमएस्सीला प्रॅक्टिकलसाठी याहून चांगला विषय सापडणं कठीण. अट एकच, योग्य नोंद उघडायला हवी.

बहुतेक जण ५एलयूएन या कोडची नोंद उघडतात आणि तिथेच थांबतात. ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रचना १.०८ अँगस्ट्रॉम रेझोल्यूशनची आहे (आकडा जितका लहान, तितका तपशील जास्त). इतकं रेझोल्यूशन एन्झाइमच्या रचनांमध्ये क्वचित मिळतं. इलेक्ट्रॉन घनता दाखवली की हिस्टिडीनच्या कड्यातला एकेक अणू सुटा दिसतो. लोह धरणारं त्रिकूट शिकवायला हीच नोंद घ्या : हिस्टिडीन १८९, अ‍ॅस्पार्टेट १९१, हिस्टिडीन २६८. पण आत २-ऑक्सोग्लुटरेट नाही. त्याच्या जागी एन-ऑक्झॅलिलग्लायसिन बसवलेलं आहे. दिसायला जवळपास तसंच, फक्त एका कार्बनच्या जागी नायट्रोजन, त्यामुळे अभिक्रिया अडून राहते आणि स्फटिक टिकतो. लिगंडच्या, म्हणजे प्रथिनात बसलेल्या लहान रेणूंच्या, यादीत त्याचा कोड ओजीए असा येतो. खऱ्या सब्स्ट्रेटचा, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या २-ऑक्सोग्लुटरेटचा, कोड एकेजी. हा फरक न बघता अंतरं मोजली आणि अहवालात ‘सब्स्ट्रेटची अंतरं’ म्हणून लिहिली, तर अहवाल चुकला.

कार्य समजून घ्यायचं असेल तर ५एमओएफ आणि ५व्ही२वाय ही जोडी घ्या. दोन्हीत मँगनीज आणि खरं २-ऑक्सोग्लुटरेट आहे. दुसरीत वर एल-आर्जिनिन हे अमिनो आम्लही आहे. म्हणजे सक्रिय जागेपुरता फरक एकाच रेणूचा, आणि इथिलीन बनायला नेमका तोच रेणू लागतो. ५एमओएफची तुलना थेट ५एलयूएनशी केली तर धातू बदलतो, लिगंड बदलतो, आर्जिनिनही येतं, मग कोणता बदल कशामुळे झाला हे सांगता येत नाही. मँगनीज बघून बिचकू नका. फेरस लोह हवेत ऑक्सिडाइझ होतं. मँगनीज त्याच जागी बसतं आणि अभिक्रिया चालवत नाही, म्हणून सब्स्ट्रेट शाबूत राहतो.

आर्जिनिन नसताना २-ऑक्सोग्लुटरेट धातूला बहुतांशी एकाच ऑक्सिजनने धरतं. या कुटुंबातल्या इतर एन्झाइमांत ते सहसा दोन टोकांनी धरतं, म्हणून हे वेगळं. आर्जिनिन आलं की सक्रिय जागा आवळते, अ‍ॅस्पार्टेट १९१ ची बाजूसाखळी वळून त्याच्याशी हायड्रोजन बंध करते आणि २-ऑक्सोग्लुटरेट फिरून दोन टोकांनी धातू धरतं. या ओढाताणीत अ‍ॅस्पार्टेट १९१ आणि टायरोसिन १९२ यांच्यातला पेप्टाइड बंध पिळला जातो. या नोंदींतलं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण हेच.

तो पीळ मोजायला प्रोटीन डेटा बँकेच्या वेबसाइटवरचा मोलस्टार हा रचना बघायचा प्रोग्रॅम पुरतो. थ्री-डी व्ह्यू उघडा, सिलेक्शन मोडमध्ये क्रमाने चार अणू टिपा : १९१ चा अल्फा कार्बन, १९१ चा कार्बोनिल कार्बन, १९२ चा नायट्रोजन, १९२ चा अल्फा कार्बन; आणि मग मेजरमेंट पॅनलमधून डायहेड्रल, म्हणजे पिळाचा कोन, निवडा. साधा पेप्टाइड बंध १८० अंशांच्या आसपास असतो. हेच माप दोन्ही नोंदींत घ्या आणि शेजारच्या दोन-तीन बंधांवरही घ्या, नाहीतर आकड्याला संदर्भ राहत नाही. रिफाइनमेंटची (मॉडेल मोजमापांशी जुळवणारी) सॉफ्टवेअर हा बंध सपाट ठेवायला ओढत असतात. कमी रेझोल्यूशनच्या रचनेत असा पीळ दिसला तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. इथे ठेवता येतो, कारण घनता त्याला आधार देते. तरी व्हॅलिडेशन रिपोर्ट, म्हणजे नोंदीसोबतचा दर्जा-तपासणीचा अहवाल, उघडून लिगंड घनतेत नीट बसलेत का, ते एकदा पाहाच.

एक अडचण हमखास येते. सब्स्ट्रेट असलेल्या आर्जिनिनचा कोड एआरजी, आणि प्रथिनाच्या साखळीतल्या आर्जिनिनचाही तोच. कोडने निवड केली की साखळीतली सगळी आर्जिनिनं एकदम उजळतात. म्हणून नोंदीच्या पानावरच्या लिगंड यादीतून निवडा, किंवा धातूवर क्लिक करून भोवतालचे रेणू तपासा.

अल्फाफोल्ड डेटाबेसमध्ये (संगणकाने भाकीत केलेल्या रचनांचा संग्रह) पी३२०२१ या क्रमांकाने याच ३५० अमिनो आम्लांच्या साखळीचं मॉडेल आहे. घडी बघायला ते पुरेसं. पण त्यात धातू नाही, लिगंड नाही. आर्जिनिन आल्यावरच होणारा बदल तिथे शोधण्यात अर्थ नाही, आणि तेवढ्या मॉडेलवर डॉकिंग (रेणू कुठे बसेल याचा संगणकी अंदाज) तर करूच नये.

या रचनांमध्ये एक गोष्ट दिसत नाही. एन्झाइम दोन कामं करतं. बाजूच्या वाटेने २-ऑक्सोग्लुटरेटचं सक्सिनेट होतं आणि आर्जिनिनवर हायड्रॉक्सिल चढून ते ग्वानिडीन आणि पायरोलीन-५-कार्बोक्सिलेट यांत तुटतं. ऑक्सिजन धातूच्या ज्या अंगाला बसतो, ते आर्जिनिनच्या विरुद्ध अंगाला आहे, आणि म्हणून इथिलीनच्या वाटेला झुकतं माप मिळतं, असा निष्कर्ष मिशिगन स्टेटच्या गटाने ११ रचनांवरून काढला. पण कोणत्या वाटेने किती गेलं, हे स्फटिक सांगत नाही. त्यासाठी बंद कुपीत अभिक्रिया करून वरच्या हवेतलं इथिलीन गॅस क्रोमॅटोग्राफने मोजावं लागतं, आणि सक्सिनेट वेगळं. दोन्ही सब्स्ट्रेटसाठी केएम, म्हणजे निम्मा वेग गाठायला लागणारं प्रमाण, २० मायक्रोमोलरच्या आसपास आहे, त्यामुळे ०.५ मिलिमोलर भरपूर झालं. पीएच ७ ते ७.५, तापमान २५ अंशांपर्यंत. फेरस सल्फेट आयत्या वेळी विरघळवा, सोबत अ‍ॅस्कॉर्बेट घाला. द्रावण पिवळं पडलं असेल तर टाकून द्या, कारण फेरिक लोहावर हे एन्झाइम चालत नाही. आणि कुपीत हवा पुरेशी ठेवा. काठोकाठ भरलेल्या कुपीत ऑक्सिजन संपतो, अभिक्रिया थांबते आणि दोष विनाकारण एन्झाइमवर येतो.