स्लो पंक्चर घरीच काढायचं तर स्ट्रिप की सीलंट?

दुचाकीच्या ट्यूबलेस टायरची हवा आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरत असेल, तर आधी व्हॉल्व्ह बघा. टोपी काढून तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हच्या आतली पिन थोडी आवळा किंवा बदला. व्हॉल्व्ह ठीक असेल, तरच स्ट्रिप (भोकात ठासायची चिकट रबरी दोरी) की सीलंट (टायरच्या आत सोडायचा, भोक बुजवणारा रस) हा प्रश्न. (आत ट्यूब असेल तर स्ट्रिपचा उपयोग नाही.)

सीलंट सोपं आहे यात शंका नाही. पिन काढायची, बाटलीवर लिहिलेलं माप, मागच्या टायरला साधारण २५०-३०० मिली, आत सोडायचं, पिन बसवून हवा भरायची आणि लगेच चार-पाच किलोमीटर गाडी फिरवायची. भोक शोधायला नको. शेताच्या वाटेवर बाभळीचे काटे घुसून एकाच टायरला पाच-सहा बारीक भोकं पडतात, तिथे प्रत्येकाला स्ट्रिप मारत बसणं शहाणपणाचं नाही.

माझं मन फिरलं ते व्हॉल्व्हमुळे. सीलंटमध्ये बारीक तंतू असतात, भोक तेच बुजवतात. पण हवा तपासायला गेज लावलं की तोच रस हवेबरोबर पिनमध्ये चढतो, तंतू पिनच्या रबराखाली अडकतात आणि पिन पुरती बसत नाही. टायरचं भोक बुजलेलं, आणि हवा आता व्हॉल्व्हमधून जातेय! बरं, गेजच्या तोंडाशीही चिकटा जमतो. चाक फिरवून व्हॉल्व्ह बाजूला, घड्याळातल्या तीन किंवा नऊवर आणायचा, रस खाली उतरेपर्यंत थांबायचं, मग गेज लावायचं. हे केलं तर त्रास कमी होतो, पण पेट्रोल पंपावर मागे रांग असताना कोण करतं? शिवाय खिळा आतच राहतो आणि गाडी चालताना हलून भोक मोठं करत जातो. पुढे स्ट्रिप मारायची वेळ आलीच, तर ओलं भोक सोल्युशन (रबर चिकटवायचा गोंद) धरत नाही.

स्ट्रिपला वीस मिनिटं आणि मनगटात जोर लागतो. साबणपाण्याने जागा शोधून खडूने खूण करा. सगळं हाताशी मांडल्यावरच पकडीने खिळा उपसा आणि तो कुठल्या कोनात होता ते नीट बघा. किटमधला खरखरीत टोचा त्याच कोनात आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. इथे घाई झाली की स्ट्रिप ती आत ढकलायच्या सुईबरोबर परत बाहेर येते. टायरमध्ये थोडी हवा असू द्या, नाहीतर रबर आत दबतं. स्ट्रिप सुईत ओवून, सोल्युशन लावून ती भोकात दाबत न्या, दोन्ही टोकं एक-दीड सेंटीमीटर बाहेर राहिली की थांबा आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढा. हवा भरून पुन्हा साबणपाणी लावा आणि टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. जुन्या किटमधली स्ट्रिप कडक झाली असेल तर वापरू नका, ती भोकात बसत नाही.

भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल, तर दोन्ही उपाय सोडा. काट्यांच्या वाटेवरच्यांनी सीलंट जरूर घ्यावं, फक्त जास्तीची पिन आणि ती काढायची चावी टूलकिटमध्ये ठेवावी. एरवी, डांबरी रस्ता आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा खिळा असं असेल, तर मी स्ट्रिपच सुचवेन. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, एकदा गेज लावून बघा.