'ईल' म्हणून विकले जाणारे गोड्या पाण्यातले मासे: कोणता घ्यावा, कोणाबरोबर ठेवावा

दुकानात ज्या टाक्यांवर 'ईल' असं लिहिलेलं असतं, त्यातले बहुतेक मासे शास्त्रीय अर्थाने ईल नसतात. कुणी लोच (तळाशी राहणारा लांबट मासा) असतो, कुणी वाम (पाठीवर काटे असलेला 'स्पायनी ईल'), कुणी बिचिर या आफ्रिकी माशाचा भाऊबंद. नावाने काही बिघडत नाही, पण सगळ्यांना एकाच टाकीचे रहिवासी समजलं की मासे मरतात. यांचा स्वभाव बघण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: पूर्ण वाढ किती, तोंड किती उघडतं आणि पाणी कसं लागतं. त्या हिशेबाने ही निवड.

साध्या कम्युनिटी टँकसाठी (वेगवेगळ्या जातींचे शांत मासे एकत्र असलेल्या टाकीसाठी) निःसंकोच घ्यावा असा एकच मासा आहे, कुली लोच. पूर्ण वाढ ८ ते १० सेंटीमीटर, तापमान २४ ते २८ अंश, पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असेल तर उत्तम. टाकी ७५ लिटरच्या पुढची हवी आणि संख्या किमान सहा. दोन-तीनच आणले तर ते दिवसभर दडून बसतात आणि मग 'दिसतच नाहीत' अशी तक्रार होते. एंबर टेट्रा, रास्बोरा, कोरीडोरास, छोटे गुरामी यांच्याबरोबर कुली छान नांदतात. एंजलफिश किंवा मोठे सिक्लिड नकोत, कारण त्यांच्या लेखी कुली म्हणजे मोठं गांडूळच. कुलीच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो, म्हणून कुली नेहमी पेल्याने किंवा प्लास्टिकच्या डब्याने पकडावेत. फिल्टर पाणी आत ओढतो त्या तोंडावर स्पंज लावला नाही तर हे आत शिरतात. नाहीसा झालेला कुली बऱ्याचदा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डब्यासारखा फिल्टर) साफ करताना सापडतो.

पीकॉक ईल, म्हणजे मॅक्रोग्नॅथस सायमेन्सिस, हा खरा देखणा. टोकदार हलतं नाक, शेपटीकडे डोळ्यांसारखे काळे ठिपके, वाळूतून फक्त डोकं बाहेर. सगळ्यात जास्त विकला जाणारा वाम हाच आणि टाकीत उपाशी मरण्यात याचाच नंबर वरचा. निसर्गात तो ३० सेंटीमीटरपर्यंत जातो, टाकीत बहुधा थोडा कमी भरतो. १२० सेंटीमीटर लांबीची टाकी आणि ५ ते ८ सेंटीमीटर जाडीचा बारीक, गोलसर कणांचा वाळूचा थर ही किमान गरज. याची खवलं अगदी बारीक असतात. टोकदार खडीत घुसताना कातडी खरचटते, तिथे बॅक्टेरिया किंवा बुरशी धरते आणि अंगावर पांढुरके चट्टे उठतात. औषध देऊन चट्टे गेले तरी खडी तीच असेल तर ते परत येतात. मुळांची झाडंही उपटली जातात, म्हणून अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधून लावावेत.

खाऊ घालण्यात खरं कौशल्य आहे. पीकॉक ईल रात्री वासावर अन्न शोधतो, फ्लेक्सकडे (कोरड्या पापुद्र्यांच्या खाद्याकडे) ढुंकूनही बघत नाही आणि चपळ माशांपुढे हरतो. दिवा बंद करण्याआधी वरच्या माशांना टाकीच्या एका टोकाला पोटभर द्यावं. अर्ध्या तासाने, अंधारात, वितळवलेले फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा धुऊन बारीक चिरलेलं गांडूळ लांब नळीने किंवा सिरिंजने त्याच्या बिळाजवळ सोडावं. माणसाळला की तो नळी बघूनच बाहेर येतो. क्लाऊन लोच किंवा यो-यो लोच याच टाकीत असतील तर हा सगळा खटाटोप वाया जातो, तळाचं अन्न तेच फस्त करतात. पर्ल गुरामी, काँगो टेट्रा, मोठे रास्बोरा हे चांगले सोबती. टायगर बार्ब आणि खेकडे नकोत. चेरी श्रिंप आणि गप्पीची पिल्लं तर त्याचा खाऊच. पुरेशा नळ्या आणि लाकडं असतील तर दोन-तीन पीकॉक एकत्र राहतात.

रोपफिशला आम्ही पीकॉकच्या बरोबरीने गुण देऊ, मात्र झाकण पक्कं असेल तरच. हा पश्चिम आफ्रिकेतला मासा ३५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतो आणि फुप्फुसाने हवा घेतो. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये ५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावीच लागते. हीटरची वायर आणि फिल्टरचा पाइप जिथून जातो ती फट त्याला पुरते. तिथे स्पंज घट्ट कोंबावा. नुसतं झाकण ठेवून भागत नाही, वजन किंवा क्लिप हवी. स्वभाव शांत, तीन-चारांचा गट आवडतो. पण निऑन टेट्राएवढा मासा रात्रीतून गायब होतो, म्हणून सोबती तोंडात न मावणारेच निवडावेत.

डोजो लोच गुणी आहे, फक्त हीटरच्या टाकीत नको. त्याला १५ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. २६-२७ अंशांत कायमचा ठेवला की आयुष्य घटतं. गोल्डफिशबरोबर मोठ्या टाकीत तो शोभतो. नकोसा झाला म्हणून ओढ्यात सोडू नये: अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तो अशाच परक्या पाण्यात पसरला आहे.

फायर ईल आणि टायर ट्रॅक ईल हे वाम १५ सेंटीमीटरचे असताना विकले जातात आणि तिथेच फसगत होते. दोन्ही अर्ध्या मीटरच्या पुढे जातात. १८० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद टाकी आजच तयार नसेल तर घेऊ नका. फायर ईल आपल्याच जातीच्या दुसऱ्याला सहसा सहन करत नाही.

'फ्रेशवॉटर मोरे' मात्र कोणीच गोड्या पाण्यासाठी घेऊ नये. जिम्नोथोरॅक्स टाइल हा खाडीतला मासा आहे. त्याला मत्स्यालयातल्या समुद्री मिठाने बनवलेलं खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो काही काळ तग धरतो, मग खाणं सोडतो आणि झिजत जातो. 'आमच्याकडे गोड्या पाण्यातच आहे' हे दुकानदाराचं म्हणणं खरं असतं, पण त्या माशाचे तिथले दिवस थोडेच झालेले असतात.

कुठलाही निवडला तरी पैसे देण्याआधी तो खाताना बघावा. डोक्यामागची पाठ खोल गेलेली, पोट आत ओढलेलं किंवा नाकाचं टोक सोललेलं असेल तर सोडून द्यावा. वाम बहुधा निसर्गातून पकडलेले असतात आणि पोटात जंत असण्याची शक्यता मोठी, म्हणून तीन-चार आठवडे वेगळी टाकी: तळाला वाळू, एक पीव्हीसी पाइप, स्पंज फिल्टर, झाकण. तांबं असलेली औषधं टाळावीत, मॅलॅकाइट ग्रीन द्यावंच लागलं तर निम्म्या मात्रेने सुरुवात करावी. वेगळ्या टाकीत तो न बुजता नियमित खाऊ लागेपर्यंत मुख्य टाकीत हलवू नये. तिथे गेल्यावर खायला शिकवणं फार अवघड जातं.