उद्यमबागच्या धुळीतली गाडी आणि पॉलिश-वॅक्सचे डबे

माझी वॅगनआर गडद निळी आहे. २०१४ साली घेतली तेव्हा भाचा म्हणाला होता, "मामा, पांढरी घ्या की." ऐकलं नाही. निळ्यावर सगळं दिसतं. धूळ दिसते, बोअरच्या पाण्याचे डाग दिसतात, कुणी फडकं कसं फिरवलं तेसुद्धा दिसतं. त्यात ही गाडी दहा वर्षं रोज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, कुंपणाला लागून उभी राहिली. पलीकडे दिवसभर फेटलिंग चालतं, म्हणजे ओतीव जॉबच्या कडा घासायच्या, आणि तिथून उडालेली लोखंडाची बारीक भुकटी माझ्या टपावर येऊन बसते.

मी स्वतः सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर आहे, म्हणजे गोल जॉब मशीनवर घासून मापात आणायचे. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात घासायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. तरीपण गाडीच्या बाबतीत इतकी वर्षं मी अडाण्यासारखा वागलो. सुट्टी झाली की मशीनजवळचं बनियन वेस्ट घ्यायचं आणि गाडी पुसायची. त्या चिंध्यांत लोखंडाचा चुरा असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी खंडेनवमीला गाडी धुऊन उन्हात काढली तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे. पूजा झाल्यावर झेंडूचा हार दोऱ्यानं करकचून बांधून तसाच यल्लूरला मेहुण्याकडे जाऊन आलो. हार वाऱ्यानं हलत राहिला आणि दोऱ्यानं बॉनेटच्या कडेला आणखी दोन रेघा काढल्या. कुंकवाचा डाग राहिला तो वेगळाच.

मग दुकानं पालथी घातली. खडेबाजाराकडच्या एका दुकानात विचारलं, पॉलिश पाहिजे की वॅक्स? मालक म्हणाले, "एकच ओ ते." एक पांढरी क्रीमची बाटली हातात ठेवली. घरी येऊन मागचं बारीक अक्षर वाचलं तर आत घासणारे कण असल्याचं छापलेलं. वास रॉकेलसारखा. लावलं तेव्हा गाडी आरशासारखी झाली आणि मी खूश. दोन वेळा धुतल्यावर ओरखडे जिथले तिथे. म्हणजे त्या क्रीमनं ओरखडे काढले नव्हते, तेलकट काहीतरी भरून झाकले होते. वर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे डाग बसले, ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. बाटलीचं नाव लिहीत नाही, पण तसल्या बाटल्या सगळीकडे मिळतात. किंमत कमी, सुवास किंवा दर्प भरपूर, आणि लेबलवर पॉलिशही लिहिलेलं, वॅक्सही लिहिलेलं.

खरं तर दोन्ही कामं उलट दिशेची आहेत. पॉलिश काढतं, वॅक्स चढवतं. पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक कण असतात, आमच्या ग्राइंडिंग व्हीलमध्ये असतो तोच माल, फक्त पिठासारखा. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग घासून खाली आणायचा, म्हणजे ओरखडा सपाट होतो. वॅक्स काहीच घासत नाही, वर पातळ थर देऊन बसतं. पॉलिश वरचेवर करायची गोष्ट नाही. जॉबवरून माल निघाला की परत चढत नाही, हे आमच्याकडे नवीन पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवतात.

शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याकडे थराची जाडी मोजायचं मीटर आहे. चहाच्या बोलीवर त्यानं गाडी मोजून दिली. टप १०८ मायक्रॉन, बॉनेट १०४, उजवं दार ११०. डावं मागचं दार २४०, कारण ते खानापूर रस्त्यावर एकानं ठोकल्यावर पुन्हा रंगवलेलं. या शंभर-सव्वाशेत खालून प्राइमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस याच्यापेक्षा जाड असतो. जी काही घासाघास करायची ती त्या ४०-५० मध्ये, आणि तीसुद्धा गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून. कडांवर आणि बॉनेटच्या धारेवर थर आणखी पातळ, तिथं मशीन लावलं की कधी आरपार जाईल सांगता येत नाही.

जुन्या गाडीवाल्यांसाठी एक सांगतो. मेहुण्याची जुनी लाल मारुती ८०० पुसून देत होतो, तर फडकं लाल झालं. तो घाबरला. घाबरायचं कारण नव्हतं, वर क्लिअर कोट नसला की रंगच फडक्याला लागतो. उन्हानं मेलेला वरचा थर निघाला आणि खालचा लाल उघडा पडला. त्या गाडीला पॉलिशचा खरा फायदा झाला, माझ्या गाडीला एवढा होणार नव्हता.

पण वॅक्स लावण्याआधीचं काम महत्त्वाचं, आणि ते कुठल्याच दुकानदारानं सांगितलं नाही. हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून धुतलेल्या गाडीवर अलगद फिरवा. माझ्या टपावर एमरी पेपरवर हात फिरवल्यासारखं लागलं. फाउंड्रीची भुकटी रंगात रुतून गंजली होती, जवळून बघितलं तर नारिंगी ठिपके. त्याला क्ले लागतो. कणकेच्या गोळ्यासारखा असतो, मला साडेचारशेला मिळाला. शाम्पूच्या पाण्यानं पृष्ठभाग सुळसुळीत ठेवायचा, क्ले हलक्या हातानं सरळ रेषेत फिरवायचा, मळला की दुमडून नवी बाजू काढायची. पूर्ण गाडीला दोन तास गेले आणि पांढरा गोळा तपकिरी झाला. एकदा हातातून फरशीवर पडला, तो तुकडा तिथेच टाकून दिला. वाळूचा एक कण चिकटला तरी आपणच ओरखडे काढत बसणार. चाकांना मात्र लोखंड विरघळवणारं स्प्रे मारलं. ते लोखंडावर जांभळं होतं, बघायला मजा येते, पण कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. आमच्या हिनं अंगणाकडची खिडकी लावून घेतली आणि दुपारपर्यंत उघडली नाही.

ओरखड्यांसाठी थ्रीएमचं रबिंग कंपाउंड घेतलं, म्हणजे जरा जाड कणांचं पॉलिशच. रंगकाम करणाऱ्या गॅरेजवाल्यांकडे तेच दिसतं, म्हणून. या कंपनीचं मला आधीपासून कौतुक. १९०२ साली अमेरिकेत मिनेसोटात ती निघाली ती ग्राइंडिंग व्हीलसाठी कुरुंद काढायला, आणि खाणीत निघाला भलताच दगड. मग घासकागदाकडे वळली. आमच्याच धंद्यातली, म्हणा की. कंपाउंड मी मशीननं लावलं नाही. मऊ फोमच्या गादीवर वाटाण्याएवढं घेऊन फक्त बॉनेटवरच्या त्या दोन रेघांवर आणि कोळ्याच्या जाळ्यावर हातानं फिरवलं. एक रेघ पूर्ण गेली. दुसरीत नख अडकत होतं, ती अर्धी राहिली आणि मी तशीच सोडली. नख अडकतं तिथं कंपाउंडचा उपयोग नाही, तिथं रंगच भरावा लागतो. हातानं केलं की वेळ फार लागतो, मनगट दुखतं, पण क्लिअर कोट किती खाल्ला जातोय यावर ताबा राहतो.

मग वॅक्स. फॉर्म्युला वनचा कार्नोबा पेस्ट वॅक्सचा २३० ग्रॅमचा डबा घेतला. मी आधी समजत होतो हे काहीतरी रसायन असेल. कार्नोबा हे झाडाचं मेण. ब्राझीलच्या ईशान्येला एक पाम होतो, त्याच्या पानातलं पाणी उन्हानं उडू नये म्हणून पानावर हे मेण धरतं. नुसतं कार्नोबा दगडासारखं कडक असतं, ८० अंशांच्या पुढे वितळतं. त्यामुळे डब्यात सॉल्व्हंट आणि इतर मेणं मिसळून ते लावण्याजोगं करतात.

पहिल्यांदा मी भाकरीला लोणी लावतात तसं लावलं. चूक. वाळलं आणि पुसताना घाम निघाला. दुसऱ्यांदा नुसतं ओलं दिसेल इतकं पातळ, एका वेळी एकच दार. धुकं धरल्यासारखं झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं उलटसुलट पुसायचं. सावलीत आणि गाडी गार असताना करायचं. मी मे अखेरीला पहाटे सहाला सुरू केलं, ऊन चढायच्या आत संपवलं. निळा रंग खोल दिसायला लागला, एवढं नक्की. दोन दिवसांनी वळीव आला, तर पाणी अळवाच्या पानावर धरतं तसं थेंबाथेंबानं उभं राहिलं. मी छत्री घेऊन बघत उभा होतो, शेजारचे हसले.

किती टिकलं? जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बॉनेटवर थेंब धरत होते, टपावर आणखी थोडे दिवस. आमच्या पावसाच्या मानानं ठीक म्हणतो. मध्ये एकदा चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो, गाडी लाल चिखलानं माखली. तिथून आल्यावर बरेच जण कोरड्या फडक्यानं पुसून घेतात. त्या मातीत गारगोटीचे कण असतात, म्हणजे आपणच हातानं घासकागद मारायचा. आधी पाण्याचा फवारा, मग शाम्पू. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको, त्यानं वॅक्स लवकर जातं. कुठल्या तरी सर्व्हिसिंग सेंटरवर घातली तर स्वतःचं फडकं न्यायचं. मी एकदा तिथल्या पोराला म्हटलं, दुसरं स्वच्छ फडकं घे. तो कन्नडमध्ये म्हणाला, "साकु बिड्री, बाळ आयितु," म्हणजे पुरे, सोडा हो, खूप झालं, आणि ट्रकच्या चाकांना वापरलेलंच बॉनेटवर फिरवलं.

पक्ष्यांच्या विष्ठेपुढे मात्र वॅक्सचा फार टिकाव लागत नाही. कॅम्पात झाडाखाली दुपारभर गाडी लावली होती, संध्याकाळी पुसलं तरी खाली पुसट वर्तुळ राहिलं. दिसली की लगेच ओल्या फडक्यानं काढायची.

भाच्यानं सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे वॅक्सऐवजी रंगावर कडक थर चढवून घेण्याचा हट्ट धरला होता. एका ठिकाणी १८ हजार सांगितले, त्यात आधी "थ्री स्टेप मशीन पॉलिश". मी विचारलं, माझा थर मोजणार का? मोजत नाही म्हणाले. मग नको म्हटलं. कोटिंग वाईट आहे असं नाही, नवीन गाडीला कमी घासून केलं तर वॅक्सपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. माझ्या १०४ मायक्रॉनच्या बॉनेटला तीनदा मशीन फिरवायला मी देणार नाही, एवढंच.

तर माझा हिशोब असा झाला: क्ले ४५०, कंपाउंडची बाटली त्याच्या आसपास, वॅक्सचा डबा त्याहून थोडा कमी, मायक्रोफायबर चार. कंपाउंड आता पुढची काही वर्षं उघडणार नाही. वॅक्स मृग लागायच्या आत एकदा आणि खंडेनवमीच्या आदल्या रविवारी एकदा. हार या वर्षी सुती पट्टीनं बांधणार, हिनं जुन्या साडीचा काठ काढूनही ठेवलाय.

डब्यात अजून अर्ध्याहून जास्त वॅक्स आहे. परवा भाचा मागायला आला, त्याच्या पांढऱ्या गाडीसाठी. दिलं. फडकं मात्र आपलं आण म्हटलं.