आरशाच्या पेटीसोबत नऊ महिने

पक्षाघाताचा झटका येऊन अकरा आठवडे झाले होते, तेव्हा ही पेटी घेतली. डावा हात लुळा, मूठ घट्ट मिटलेली. पेटी म्हणजे घडीचा डबा, एका बाजूला आरसा. लुळा हात आत ठेवायचा, चांगला आरशासमोर हलवायचा आणि नजर आरशातच ठेवायची. डावाच हात हलतोय असं वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही युक्ती काढली ती हात कापलेल्या लोकांसाठी, नसलेल्या हातातल्या वेदनांवर. आमच्यासारख्यांकडे ती नंतर आली.

पहिल्या दिवशी डाव्या हाताची बोटं उघडताना दिसली आणि मी रडलो. पुढचे तीन आठवडे काहीच नाही.

आधी वस्तूबद्दल. आरसा प्लास्टिकचा आहे, महिन्याभरात त्याला पोक आलं. बोटं वाकडी दिसायला लागली की सगळी जादू संपते. मी कडांना चिकटपट्टी लावून काचेचा आरसा बसवला. हात घालायच्या भोकाची कड मनगटाला घासते, आणि हाताला संवेदना कमी असल्याने ते कळतच नाही, म्हणून रोज कातडी बघा. उजव्या हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवा, नाहीतर मेंदू फसत नाही. मी सुरुवातीला सलग चाळीस मिनिटं बसायचो, दमून दिवस वाया जायचा. थेरपिस्टनी पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा करायला सांगितलं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते रोज मोजण्याने. आज हललं का, काल हललं होतं का? मग ठरवलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच खुर्चीत, त्याच उजेडात व्हिडिओ काढायचा आणि मधे बघायचा नाही. मिटलेली मूठ उघडायला चौथ्या महिन्यात चौदा सेकंद लागायचे, सहाव्यात नऊ. मग तापाने पडलो आणि आकडा सोळावर गेला. त्या दिवशी पेटी पलंगाखाली ढकलली. पुढच्या महिन्याच्या व्हिडिओत तो पुन्हा दहावर आला.

"सहा महिन्यांत जे यायचं ते येतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात, हे खरं. पण माझा डावा हात लिहिताना कागद धरून ठेवायला लागला तो पेटी घेतल्यापासून सातव्या महिन्यात. त्याआधी, पाचव्यात, एक गोष्ट उशिरा केली: डॉक्टरांना मनाचं सांगितलं. झोप नाही, कशात रस नाही. साधारण तिघांतल्या एकाला झटक्यानंतर नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. मी मात्र तोवर स्वतःलाच कमकुवत म्हणत बसलो होतो. गोळी सुरू झाल्यावर व्यायामाला बसणं तरी जमायला लागलं.

पेटी एकटी पुरणार नाही. तिच्याबद्दलच्या अभ्यासांतूनही दिसतं ते हेच, की इतर व्यायामाच्या जोडीला ती उपयोगी आहे. आरशानंतर लगेच खऱ्या वस्तू हातात घ्यायच्या, रुमाल, चमचा, कपड्यांचा चिमटा. चिमटा अजून उघडत नाही. शर्टाची बटणंही उजव्यानेच लावतो. फक्त गेल्या रविवारी वरून तिसरं बटण डाव्या हाताने लावलं, चुकीच्या काजात.