ॲमस्टलवीनमध्ये एक मूल डच शाळेत, एक इंटरनॅशनलमध्ये : वर्षभरानंतरचा अनुभव

माझ्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टलवीनला आलो तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि थोरल्याला दहा पूर्ण झाली होती. धाकटीला जवळच्या डच शाळेत घातलं, थोरल्याला सरकारी अनुदान असलेल्या इंटरनॅशनल शाळेत. एका घरातली मुलं दोन शाळांत कशाला, असं ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं. पहिलं शालेय वर्ष आता संपत आलंय, आणि आज नव्याने ठरवायचं झालं तरी आम्ही हेच करू.

सगळं वयावर आहे. इथली प्राथमिक शाळा चौथ्या वर्षी सुरू होते आणि आठ वर्षं चालते. इयत्तेला ग्रुप म्हणतात. खरं वाचन-लेखन तिसऱ्या ग्रुपमध्ये, म्हणजे सहाव्या वर्षी सुरू होतं, त्यामुळे धाकटी अगदी वेळेवर पोचली. आठव्या ग्रुपमध्ये, मूल ११-१२ वर्षांचं असताना, पुढे माध्यमिकच्या कुठल्या शाखेत जायचं याचा तात्पुरता सल्ला शाळा जानेवारीत देते, मग चाचणी होते आणि मार्चमध्ये पक्का सल्ला येतो: व्हीएमबीओ (व्यवसाय शिक्षणाची शाखा), हावो (मधली शाखा) की व्हीडब्ल्यूओ. विद्यापीठाकडे सरळ जाणारी शाखा शेवटची. चाचणी चांगली गेली तर सल्ला वाढवून मिळतो, नंतर शाखा बदलण्याच्या वाटाही आहेत. तरीही डचचा गंध नसलेल्या दहा वर्षांच्या मुलाने दीडेक वर्षात भाषा शिकायची आणि त्याच भाषेत स्वतःची कुवत दाखवायची, हे मला फार कठोर वाटतं. गणितात हुशार मूलही अडखळतं, कारण इथलं गणित शाब्दिक उदाहरणांनी भरलेलं असतं.

धाकटी आधी नवागत मुलांच्या वर्गात होती. तिथे भाषेवरच भर असतो आणि साधारण वर्षभराने मूल नेहमीच्या वर्गात जातं. सुरुवातीचे काही महिने ती शाळेत जवळजवळ गप्पच असायची. मला झोप लागत नव्हती. पण बाईंनी शांतपणे सांगितलं, घरी मराठीच बोला, ती पक्की राहू द्या. नाताळनंतर ती एकदम बोलायला लागली आणि आता गल्लीतल्या पोरांशी डचमध्ये भांडते. गृहपाठ जवळपास नाही. आजी फोनवर रोज विचारते, मग शिकते काय ही? शिकते, हे तिच्या वाचनात दिसतं. डबा मात्र थंडच खायचा, गरम करायची सोय नाही. पोळीचा रोल चालतो.

थोरल्याचा अभ्यास खंड न पडता सुरू राहिला, हे या शाळेचं मोठं देणं. उणी बाजूही आहे: तिथली कुटुंबं सतत बदलत असतात. त्याचा सगळ्यात जवळचा मित्र वर्षाच्या मध्येच सिंगापूरला गेला, ते त्याला फार लागलं. शेजारच्या मुलांशीही त्याची अजून ओळख नाही.

खर्चाचं सांगते. डच शाळेला फी नाही. पालकांची वर्गणी ऐच्छिक असते आणि ती न दिल्यास मुलाला सहलीतून किंवा कार्यक्रमातून वगळता येत नाही, तसा कायदाच आहे. अनुदानित इंटरनॅशनलला दर मुलामागे वर्षाला काही हजार युरो पडतात, शिवाय नोकरी ठरावीक मुदतीची असल्याचं कंपनीचं पत्र लागतं. पूर्ण खासगी शाळा याहून कितीतरी महाग.

सुट्ट्यांचंही आधी समजून घ्या. मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली की शाळा सक्तीची आहे. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून आठवडाभर आधी पुण्याला निघालात, तर दंड होऊ शकतो. दिवाळीसाठी आधी कळवून एखादा दिवस मिळतो, तेवढंच.

आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर खरी घालमेल. पाचेक वर्षं राहायचं नक्की असेल तर मी डच शाळा निवडेन, दोन-तीन वर्षांचा करार असेल तर इंटरनॅशनल. आणि घराच्या करारावर सही करण्याआधी त्या भागात नवागत वर्गात जागा आहे का, हे शाळेला फोन करून विचारा. असे वर्ग मोजक्याच शाळांत असतात.